तोंडी ‘अनफिट’ ऐकून परत फिरू नका

या महिन्यात ट्रक, टँकर आणि ट्रेलर चालवणाऱ्यांची, त्यांच्या घरच्यांची आणि गाडीमालकांची पत्रं आली, आणि जवळपास सगळ्यांचा विषय एकच आहे: वैद्यकीय दाखला. कुणाचा दाखला अडला, कुणाला नोटीस आली, कुणाच्या हातात चलन पडलं. बहुतेक पत्रांत एक गोष्ट राहून गेली आहे. नकार मिळाला, पण तो कागदावर घेतलेला नाही. म्हणून त्याबद्दल थोडं जास्त लिहिलं आहे.

प्रश्न : वय ४६, बावीस वर्षं ट्रक चालवतोय. लायसन्स रिन्यू करताना डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. चार-पाच पानांवरचे आकडे वाचता आले नाहीत. ‘तुम्ही रंगांधळे आहात, दाखला देता येणार नाही,’ असं म्हणाले. आरटीओच्या खिडकीवर सांगितलं, दाखल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही. एजंट म्हणतो, दुसऱ्या डॉक्टरचा दाखला आणून देतो. काय करावं? (सिन्नर)

उत्तर : आधी डोळ्यांचं बोलू, मग कागदाचं.

रंग ओळखण्याबाबतचा नियम जून २०२० मध्ये बदलला. त्याआधी फॉर्म १ (तब्येतीबद्दल अर्जदाराने स्वतः लिहून द्यायचं) आणि फॉर्म १-अ (डॉक्टरांचा दाखला) यांच्यात लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, एवढाच प्रश्न होता आणि ‘नाही’ म्हटलं की विषय संपायचा. केंद्र सरकारने वैद्यकीय तज्ज्ञांचा सल्ला घेऊन दोन्ही फॉर्म सुधारले. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना आता लायसन्स मिळू शकतं. अडवायचं आहे ते फक्त तीव्र रंगांधळेपणा असलेल्यांना. म्हणजे ‘रंगांधळे आहात’ हे उत्तर अर्धवट आहे. किती, हा खरा प्रश्न.

ठिपक्यांचं पुस्तक म्हणजे इशिहारा चाचणी. ती चाळणी आहे, तराजू नाही. दोष आहे की नाही ते ती चटकन सांगते. तो किती आहे याचं माप तिच्यातून नीट निघत नाही. शिवाय ती करायची एक रीत आहे. पुस्तक डोळ्यांपासून साधारण ७५ सेंटिमीटरवर, नजरेच्या सरळ रेषेत धरायचं. उजेड खिडकीतून येणारा दिवसाचा हवा, ऊन थेट पानावर नको. चष्मा असेल तर तो लावायचा. एका पानाला तीनेक सेकंद द्यायचे. पिवळट बल्बखाली, उन्हाने रंग उडालेल्या पुस्तकावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर घेतलेली चाचणी भरवशाची नाही, कारण त्या उजेडात आणि त्या पडद्यावर छापील रंगच बदलतात. तुमची चाचणी कशी झाली ते आठवा आणि तारखेसह लिहून ठेवा.

पुढची पायरी म्हणजे सिव्हिल हॉस्पिटल किंवा सरकारी मेडिकल कॉलेजचा नेत्र विभाग. केसपेपर काढताना सांगा की रंगदृष्टीची प्रत हवी आहे: सौम्य, मध्यम की तीव्र. त्यासाठी डी-१५ नावाची चाचणी असते. पंधरा रंगीत टोपणं तुमच्यापुढे ठेवतात आणि रंग हळूहळू बदलत जाईल अशी ती ओळीने लावायला सांगतात. सौम्य दोष असलेला माणूस ती साधारण बरोबर लावतो, तीव्र दोष असलेल्याची ओळ ठरावीक जागी उलटसुलट होते. अहवालात चाचणीचं नाव, निष्कर्ष, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का हे सगळं असलं पाहिजे.

आता कागद. डॉक्टरांचं ‘नाही’ म्हणजे सरकारी नकार नव्हे, आणि खिडकीवरच्या माणसाचं ‘अर्ज पुढे जाणार नाही’ हाही नकार नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १७ प्रमाणे लायसन्स द्यायला किंवा रिन्यू करायला नकार द्यायचा असेल, किंवा ते रद्द करायचं असेल, तर लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याने लेखी आदेश काढून त्यात कारणं द्यावी लागतात. त्या आदेशावर अपील करता येतं आणि त्याची मुदत आदेश हाती पडल्यापासून ३० दिवस. आदेशच नसेल तर अपील कशावर करणार? म्हणून ऑनलाइन अर्ज अडकला असेल तर साध्या कागदावर अर्ज लिहा, नेत्र विभागाचा अहवाल जोडा, आणि ‘माझा अर्ज मंजूर करावा किंवा कलम १७ प्रमाणे कारणांसह लेखी आदेश द्यावा’ हे वाक्य त्यात घाला. आरटीओच्या आवक कक्षात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तो शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

एजंटच्या दाखल्याच्या नादी लागू नका. फॉर्म १-अ वर डॉक्टर लिहून देतात की अर्जदाराला मी स्वतः तपासलं आहे. त्याच्या दूरच्या नजरेकडे, श्रवणशक्तीकडे, हातापायांच्या सांध्यांकडे विशेष लक्ष दिलं आहे. फोटोवर डॉक्टरांची सही अशी असते की अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर येते. कारण हेच की तपासलेला माणूस आणि फोटोतला माणूस एक आहे. न तपासता आणलेला दाखला उद्या अपघाताच्या खटल्यात उघडा पडला तर खोट्या कागदाचं प्रकरण तुमच्या नावावर येईल, एजंटचं नाव त्यात कुठेच नसेल.

आणि अहवालात दोष तीव्र निघाला तर ते मान्य करा. धुक्यात पुढच्या गाडीचा ब्रेकलाइट लागला हे अर्धा सेकंद उशिरा कळणं, भरलेल्या ट्रकला फार महाग पडतं.

प्रश्न : मे महिन्यात माझा भाऊ माल उतरवून धाब्यावर बसला असताना उठताना कोसळला. मिनिटभरात शुद्धीवर आला. क्लीनरने जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथल्या केसपेपरवर ‘फिट आली’ असं लिहिलं. मालकाने तो कागद आरटीओला दिला. आता नोटीस आली आहे की लायसन्स रद्द का करू नये. सात दिवसांत उत्तर द्यायचं आहे. (जत)

उत्तर : ही नोटीस हलकी घेऊ नका, पण घाबरून लायसन्सही जमा करून येऊ नका.

कायद्याचं कलम १६ आहे. लायसन्सधारक आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे गाडी चालवायला योग्य नाही, असं मानायला सबळ कारण असेल तर अधिकारी कधीही लायसन्स रद्द करू शकतो. पण त्याच कलमात दुसरी वाटही दिलेली आहे: लायसन्स चालू ठेवण्याची अट म्हणून नवा वैद्यकीय दाखला मागवणं. तुमच्या उत्तरात ही दुसरी वाट मागा. ‘कलम १६ नुसार वैद्यकीय दाखला सादर करण्याची संधी द्यावी, त्यासाठी तज्ज्ञ तपासणी सुरू आहे, इतके दिवस मुदत मिळावी,’ असं स्पष्ट लिहा आणि तपासणीची तारीख मिळाल्याचा केसपेपर जोडा. सात दिवसांत सगळे अहवाल मिळणार नाहीत, पण उत्तर मात्र सात दिवसांतच गेलं पाहिजे.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे आकडी, फिट, भोवळ, चक्कर हे शब्द बोलताना एकमेकांत मिसळतात. क्लीनरने घाबरून ‘साहेब, फिट आली’ म्हटलं असेल आणि तेच कागदावर उतरलं असेल. फॉर्म १ मध्ये अपस्माराचा, म्हणजे आकडीच्या आजाराचा प्रश्न सरळ आहे, आणि इतकी वर्षं झटका आला नाही तर चालेल अशी सवलतीची मुदत त्यात कुठेच नाही. त्यामुळे त्या एका शब्दावर भावाची रोजीरोटी लटकली आहे. तो शब्द खरा की खोटा हे मेंदूविकारतज्ज्ञाकडूनच ठरवून घ्यायला हवं.

तज्ज्ञाला सर्वात उपयोगी पडतो तो पाहणाऱ्याचा जबाब. क्लीनरला आणि धाब्यावरच्या माणसाला विचारून आजच लिहून काढा: कोसळण्याआधी डोळ्यांपुढे अंधारी आली असं तो म्हणाला का? चेहरा पांढरा पडला होता, घाम होता? अंग ताठ झालं का, हातपाय लयीत झटकत होते का आणि किती वेळ? जीभ चावली का, आणि चावली असेल तर कडेला की टोकाला? कपड्यात लघवी झाली का? शुद्धीवर आल्यावर लगेच माणसं ओळखली, की अर्धा तास गोंधळलेला होता? उन्हात हमाली करून, पाणी न पिता, उठून उभं राहताना कोसळणं, घाम येणं आणि मिनिटभरात पूर्ण भानावर येणं हे चित्र साध्या भोवळीकडे झुकतं. जिभेची कड चावलेली असणं आणि नंतरचा लांबलेला गोंधळ हे आकडीकडे. आणखी एक लक्षात ठेवा: साध्या भोवळीतही दोनचार झटके येऊ शकतात. बघणाऱ्याला ती आकडीच वाटते.

तपासण्यांत ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढतील, बहुधा एमआरआयही. ईईजी सरळ आला म्हणजे आकडी नाहीच असं सिद्ध होत नाही, म्हणून काही वेळा रात्रभर जागवून सकाळी ईईजी काढतात. हृदयाकडे मात्र दुर्लक्ष होऊ देऊ नका. ईसीजी हवाच, आणि ठोक्यांत गडबड वाटली तर हृदयाचे ठोके चोवीस तास नोंदवणारी होल्टर पट्टी. आडवं झोपवून आणि मग उभं करून तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजायला सांगा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उठताना दाब पडतो असं धरतात. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं सांगा, काही गोळ्यांनी हेच होतं.

शेवटी तज्ज्ञाचं जे पत्र घ्याल ते ‘तपासले, ठीक आहे’ एवढंच नको. पहिल्या केसपेपरवरच्या निदानाशी आपण सहमत का नाही, कोणत्या लक्षणांवरून आणि तपासण्यांवरून, कोसळण्याचं कारण काय, ते पुन्हा होण्याचा धोका कितपत आणि अवजड वाहन चालवायला हरकत आहे का, हे पाच मुद्दे त्यात हवेत. लायसन्स तरीही रद्द झालं तर कलम १७ चं अपील आहे. अपील कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याकडे करायचं ते आदेश घेतानाच लेखी विचारून घ्या. अपिलात तुम्हाला आणि आदेश काढणाऱ्यालाही म्हणणं मांडायची संधी मिळते, आणि तो निर्णय आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्यावर बंधनकारक असतो. त्यानंतर उच्च न्यायालयात रिट याचिका हाच मार्ग उरतो, त्यासाठी वकील लागेल.

नुसतं अपील दाखल झालं म्हणून रद्द झालेलं लायसन्स जिवंत होत नाही. अपिलासोबत स्थगितीचा वेगळा अर्ज द्या, आणि स्थगिती लेखी मिळेपर्यंत भावाने स्टिअरिंगला हात लावू नये. कारण शोधून होईपर्यंत तसाही लावू नये.

प्रश्न : कळंबोलीजवळ वाहतूक पोलिसांनी गाडी थांबवली. माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती, डोळे लाल होते. कलम १८६ चं चलन केलं. दंड भरून मोकळं व्हावं का?

उत्तर : पटत नसेल तर भरू नका. दंड भरला की तडजोड झाली आणि प्रकरण तिथेच मिटलं. मग ‘मी ठीक होतो’ असं सांगायला जागाच उरत नाही. कलम १८६ मध्ये पहिल्या गुन्ह्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येक वेळी दोन हजारांपर्यंत. पहिला दंड मुकाट्याने भरलेला असला की दुसरा ‘पुढचा गुन्हा’ ठरतो.

कलमाचे शब्द नीट वाचा. आपल्याला असा आजार किंवा अपंगत्व आहे की त्यामुळे आपलं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल, हे स्वतःला माहीत असताना सार्वजनिक जागी गाडी चालवणं हा गुन्हा आहे. म्हणजे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: आजार, त्यातून येणारा धोका, आणि तुमची जाणीव. दारूच्या कलम १८५ मध्ये श्वासाचं यंत्र आहे आणि १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी ठरलेली रेषा आहे. १८६ मध्ये असं यंत्रही नाही आणि रेषाही नाही. म्हणून वैद्यकीय कागदच दोन्ही बाजूंना बोलतो.

असं चलन झालं की त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, सरकारी दवाखान्यात जायचं. केसपेपरवर तारीख आणि वेळ आहे ना ते पाहायचं. नजर, बोटांची पकड, नाडी, रक्तदाब, साखर एवढं तपासून लिहून घ्यायचं. चार दिवसांनी आणलेल्या दाखल्याला फारशी किंमत राहत नाही, कारण त्या दिवशी तुम्ही कसे होता ते तो सांगत नाही. मग महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन पोर्टलवर चलनाचा फोटो उघडून पाहा. गाडीचा नंबर, जागा, वेळ, कलम बरोबर आहे का बघा आणि तक्रारीच्या रकान्यात केसपेपर जोडा. तिथे दाद लागली नाही तर प्रकरण न्यायालयात जातं. समन्स आलं की हजर राहायचं. गैरहजर राहिलात तर दाखला खिशातच राहतो आणि वर वॉरंट निघू शकतं.

रक्तदाबावरून नाक्यावर किंवा कंपनीच्या गेटवर अडवलं असेल त्यांच्यासाठीही दोन शब्द. फॉर्म १-अ मध्ये रक्तदाबाचा कोणताही आकडा ठरवून दिलेला नाही. आठ तास गाडी चालवून, चहा मारून, तंबाखू दाढेला धरून लगेच पट्टा बांधला तर आकडा चढणारच. अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, दंड छातीच्या पातळीला, पट्टा दंडाच्या मापाचा, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचं. एवढं करूनही १८० च्या वर असेल तर चलनाचं नंतर पाहू, आधी डॉक्टर गाठा.

प्रश्न : मनमाडजवळच्या डेपोतून पेट्रोलचा टँकर भरतो. साखरेसाठी तीन महिन्यांपासून इन्सुलिन चालू आहे. कंत्राटदार म्हणतो, इन्सुलिनवाला ड्रायव्हर कायद्याने चालत नाही. खरं आहे का?

उत्तर : फॉर्म १ किंवा १-अ मध्ये मधुमेहाचं किंवा इन्सुलिनचं नावसुद्धा नाही. तिथे विचारलं आहे ते अचानक शुद्ध हरपणं किंवा भोवळ येणं, मग कारण कोणतंही असो. इन्सुलिनने साखर एकदम खाली गेली तर नेमकं तेच होतं. म्हणजे प्रश्न इन्सुलिनचा नाही, साखर खाली जाण्याचा आहे. कंत्राटदाराने त्याच्या कंपनीचा नियम दाखवला तर तो नोकरीच्या अटींचा विषय; ‘कायद्याने’ म्हणत असेल तर त्याला कलम विचारा आणि लेखी मागा.

स्वतःची बाजू मजबूत करायची तर साखरेची वही ठेवा. गाडी सुरू करण्याआधी आणि रस्त्यावर दर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बोट टोचायचं, आकडा आणि वेळ लिहायची. ९० च्या खाली असेल तर आधी खाऊन घ्या. ७० च्या खाली गेली तर गाडी बाजूला, चावी काढून ठेवा, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा वर आला तरी पाऊण तास थांबा, कारण रक्तातली साखर आधी सुधारते आणि मेंदूची तरतरी मागाहून येते. साखर केबिनमध्ये हाताशी ठेवा, टूलबॉक्समध्ये नको. तीन महिन्यांच्या सरासरीचा एचबीए१सी अहवाल आणि गेल्या काळात साखर खाली जाऊन शुद्ध हरपली नाही असं डॉक्टरांचं पत्र वहीला जोडलं की वाद घालायला काहीतरी हातात असतं. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा कराच.

घातक मालाची नोंद असलेलं लायसन्स तीन वर्षांनी रिन्यू होतं, बाकी अवजड वाहनांचं पाच वर्षांनी. म्हणजे तुमचा दाखला इतरांपेक्षा लवकर लागतो, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पुढच्या महिन्यात लायसन्स संपतंय. दाखला लगेच काढू का?

उत्तर : नव्या चष्म्याचा नंबर स्थिर व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी तपासणीला बसलात तर विनाकारण नापास व्हाल. फॉर्मचा निकष साधा आहे: चांगल्या उजेडात, चष्मा लावून, २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. मोटारीच्या नंबरप्लेटवर अक्षराची उंची ६५ मिलिमीटर असते. गणित मांडलं तर ती नजर दवाखान्यातल्या तक्त्यावर ६/९ आणि ६/१२ यांच्या मधोमध येते. घरी करून पाहा: उभ्या गाडीपासून तेहतीस-चौतीस पावलं मोजा, वळा, एकेक डोळा झाकून वाचा.

दुसऱ्या डोळ्याची नजर मात्र गेली असेल तर गोष्ट वेगळी. एका डोळ्यावर मिळणारी सवलत खासगी हलक्या वाहनापुरती आहे, तीही पाच वर्षं लायसन्स असलेल्याला. ट्रकला ती लागू नाही आणि त्यावर भांडून हाती काही लागणार नाही.

मुदत संपल्यानंतरचे तीस दिवस आता विसरा. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत काढून टाकली. लायसन्स संपलं त्या रात्रीपासून तुम्ही बिनलायसन्स आहात. उलट मुदत संपण्याआधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. पुढच्या खेपेला तसा करा, म्हणजे डोळा, कान, कागद काही अडलं तरी दुरुस्तीला वेळ मिळेल.

प्रश्न : डॉक्टर म्हणाले, ऐकू कमी येतं. कानाचं मशीन लावून ट्रकचं लायसन्स मिळेल का?

उत्तर : मशीनची मुभा फॉर्ममध्ये हलक्या वाहनासाठी लिहिली आहे. पण आधी कानातला मळ काढून घ्या. वर्षानुवर्षं धूळ आणि डिझेलच्या धुरात काम करणाऱ्याच्या कानात तो दगडासारखा बसलेला असतो. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करा. फॉर्मची अट नेहमीचा हॉर्न ऐकू येण्याची आहे, कुजबुज ऐकण्याची नाही.

प्रश्न : माझे पती नगरपालिकेचा पाण्याचा टँकर चालवतात. पक्षाघातानंतर उजव्या हातात जोर राहिला नाही. वैद्यकीय मंडळाने ‘चालक पदास अपात्र’ लिहिलं. आता कार्यालयातून राजीनाम्याचा मसुदाच टाइप करून दिला आहे. सही करावी का?

उत्तर : ताई, सही करू नका, त्यांनाही करू देऊ नका. एकदा राजीनामा दिला की पुढचं सगळं अवघड होतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २०, पोटकलम ४ वाचा. नोकरीत असताना ज्याला अपंगत्व आलं त्याला सरकारी आस्थापनेने काढता येत नाही आणि त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. आहे त्या पदाला तो योग्य नसेल तर तोच पगार आणि तेच लाभ ठेवून दुसऱ्या पदावर घ्यायचं. असं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवायचं. स्थानिक स्वराज्य संस्था या ‘सरकारी आस्थापने’त येते. या पोटकलमात अपंगत्व किमान चाळीस टक्के असावं अशी अट लिहिलेली नाही. तरी स्वावलंबन पोर्टलवरून अर्ज करून अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढाच. पुरावा म्हणून ते लागेल.

मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा: मंडळाचा अहवाल मान्य आहे, चालकपदाचा आग्रह नाही, कलम २०(४) प्रमाणे समान वेतनाचं दुसरं काम द्यावं. जमतील अशी कामं स्वतःच सुचवा, जसं व्हॉल्व्ह नोंदवही, भांडार, आवक-जावक. उजव्या हाताने लिहिता येत नसेल तर यातली लिहिण्याची कामं सुचवू नका. अर्जाची पोच घ्या. उत्तर नाही आलं तर त्याच आस्थापनेतल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवा. कलम २३ प्रमाणे नोंदणीपासून दोन आठवड्यांत तिची चौकशी व्हायला हवी. त्यानेही समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे, आणि पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत.

१ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणा राज्य परिवहन महामंडळाच्या एका बसचालकाच्या बाजूने निकाल दिला. रंगांधळेपणामुळे त्याला निवृत्त केलं होतं. न्यायालयाने आठ आठवड्यांत योग्य पद आणि थकबाकीचे २५ टक्के द्यायला सांगितलं. त्या निकालात जुन्या कामगार कराराचा मोठा आधार होता. म्हणून तुमच्याकडेही युनियनच्या कपाटात असे जुने करार असतील तर ते काढून वाचा.

हे संरक्षण खासगी ट्रान्सपोर्टमधल्या ड्रायव्हरला मात्र मिळत नाही. हे अन्यायाचं आहे असं आम्हाला मनापासून वाटतं, कारण रस्त्यावरचे बहुतेक ट्रक खासगी मालकांचेच आहेत.

प्रश्न : बारा गाड्या आहेत. ड्रायव्हरच्या मेडिकलवरून विमा कंपनी क्लेम अडवते का? फायलीत काय ठेवावं?

उत्तर : अपघाताच्या दिवशी लायसन्स चालू होतं का, हे कंपनी पहिल्यांदा पाहते. संपलेलं असेल तर अडचण तुमचीही आहे. कायद्याच्या कलम ५ ने मालकावर जबाबदारी टाकली आहे आणि कलम १८० मध्ये त्यासाठी पाच हजार रुपयांचा दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वरणसिंग खटल्यात असं ठरवलं की लायसन्सच्या अटीचा भंग मालकाच्या जाणिवेने किंवा निष्काळजीपणाने झाला, हे विमा कंपनीने सिद्ध करायचं. तिसऱ्या पक्षाला, म्हणजे अपघातात नुकसान झालेल्या बाहेरच्या माणसाला, भरपाई कंपनीकडून देववून ती नंतर मालकाकडून वसूल करण्याचा आदेशही होऊ शकतो. म्हणजे तुमची काळजी कागदावर दिसली पाहिजे.

प्रत्येक ड्रायव्हरची वेगळी फाईल करा. कामावर घेताना लायसन्स सरकारच्या सारथी पोर्टलवर तपासल्याची तारीख घातलेली प्रिंट, फॉर्म १-अ ची प्रत, चष्म्याचा नंबर, आणि लायसन्स संपण्याच्या सहा महिने आधीची तारीख कव्हरवर लाल पेनाने. ड्रायव्हर आजारपणानंतर परत आला तर डॉक्टरांचं ‘कामावर हजर होण्यास योग्य’ हे पत्र घेतल्याशिवाय चावी देऊ नका. त्याने ‘शेठ, चक्कर येतेय’ असं सांगितल्यावरही गाडी लावली असेल तर तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. त्या दिवशी दुसरा ड्रायव्हर लावा आणि पहिल्याची हजेरी कापू नका. हजेरी कापली तर पुढच्या वेळी तो चक्कर येत असल्याचं तुम्हाला सांगणारच नाही.

माहितीच्या अधिकाराबद्दल तिघांनी विचारलं आहे. आरटीओच्या फायलीतल्या नोंदी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मागता येतात. पण माहिती द्यायलाही तीस दिवस आणि कलम १७ च्या अपिलालाही तीसच दिवस. माहिती येण्याची वाट पाहत बसलात तर अपिलाची मुदत जाईल. आधी अपील दाखल करा, ‘कागद मिळाल्यावर जादा मुद्दे मांडण्याची परवानगी असावी’ असं त्यात लिहा, आणि माहितीचा अर्ज त्याच दिवशी टाका.